भात आणि हात

(दृश्य : शनिवारची रात्र, पुण्यातलं एक नवं हॉटेल. आठ जणांचं टेबल.)

आईच्या पंच्याहत्तरीचं जेवण. नातू विचारतो, "आजी, भात सांगू?" आई आपला हात पुढे करते. मग तासभर ती नुसती हसते, मान हलवते. तिच्या डोक्यावर स्पीकर आहे.

'भात' आणि 'हात', दोन्हींतला 'आ' भरदार. तो गोंगाटातूनही पोचतो. अर्थ मात्र व्यंजनावर ठरतो, आणि व्यंजनं आवाजाला नाजूक. स, श यांसारखे ध्वनी तर फार वरच्या पट्टीतले. वय झालं की ऐकू येणं कमी होतं ते आधी त्याच पट्टीत. कानातलं यंत्र आवाज वाढवतं, पण आईला नातवाच्या बोलण्याबरोबर गाणंही वाढवूनच मिळतं.

(दृश्य : छताकडे कॅमेरा.)

उघडं काँक्रीट, काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी. पडदा नाही, टेबलक्लॉथ नाही. आवाज जिरायला जागाच नाही, तो आदळून परत येतो. समोरासमोरचं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. गाणं ८० वर गेलं, तर फरक विसाचा वाटतो, पण डेसिबलच्या हिशेबात तो शंभरपट ऊर्जेचा असतो.

भोवती आवाज असला की माणूस नकळत स्वर चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञानं १९११ साली हे मांडलं. आपण ओरडतो, म्हणून शेजारचं टेबल ओरडतं. त्या कलकलाटात गाणं बुडतं, म्हणून गाणं आणखी वाढवतात.

इराण्याच्या हॉटेलातही गोंगाट असायचाच : कपबश्या, ऑर्डरी, वेटरच्या हाका. पण तो माणसांचा होता. माणसं पांगली की तोही ओसरायचा.

आम्ही दोन तासांत उठून जाऊ. वेटर मात्र रोज इथेच उभा असतो. दिवसाला आठ तास ८५ डेसिबल, यापुढे कान कायमचे बिघडण्याचा धोका धरतात. त्याच्या कानांची चौकशी कोणी करत नाही.

आवाज कमी करायची विनंती केली. केलाही त्यांनी. तीन गाणी झाली आणि पुन्हा चढला.

(दृश्य : पार्किंग. रस्त्यावरची वाहनं.)

बाहेर आल्यावर आई गाडीत बसेना. नातवाचा हात धरून म्हणाली, "हं, आता सांग. तुझी परीक्षा कधी आहे रे?"

आत त्यानं ते दोनदा सांगितलं होतं.