तर्रीची आग आणि एक जनुक

(दृश्य: सावजी भोजनालय, नागपूर. पातेल्यात रस्सा उकळतोय, वर लाल तेलाचा तवंग.)

सावजी रश्श्याचा पहिला घास. क्षणभर काहीच होत नाही. मग जीभ पेटते, नाक वाहू लागतं, कपाळावर घाम डवरतो.

तिखट ही चव नाही, ती वेदना आहे. चेहऱ्याचं दुखणं-पोळणं मेंदूला कळवणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची टोकं जिभेत पसरलेली असतात. त्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. त्याचा आराखडा आपल्या १७ व्या गुणसूत्रावरच्या जनुकात आहे. या प्रथिनाचे चार सारखे तुकडे जुळून पेशीच्या पडद्यात एक झडप तयार होते. तापमान ४३ अंशांच्या आसपास गेलं की ती उघडते, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत शिरतात आणि ‘भाजलं!’ हा संदेश निघतो.

मिरचीतलं कॅप्सेसिन हीच झडप उघडतं. पण त्याला चिकटायची जागा पडद्याच्या आतल्या अंगाला आहे, तिथवर झिरपायला वेळ लागतो. पहिल्या घासाला मिळते ती उसंत त्यामुळेच. एकदा कॅप्सेसिन चिकटलं की ४३ अंशांची गरज उरत नाही, अंगातली नेहमीची उष्णताही पुरते. म्हणून वाफाळता रस्सा जास्त पोळतो. मेंदू समजतो की शरीर तापलंय, आणि घाम सोडतो. मसाल्यातल्या काळ्या मिरीचं पायपरिनही याच झडपेवर काम करतं.

अशा वेळी पाणी पिऊन उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. थंड दूध किंवा दही घ्यावं, त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढतं.

या झडपेचं जनुक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

(दृश्य: भिवापूरचं मिरचीचं शेत. झाडावर पोपट.)

पोपट लाल मिरची सहज फस्त करतो. पक्ष्यांची झडप उष्णता ओळखते, पण रचनेतल्या किंचित फरकामुळे कॅप्सेसिन तिच्यावर पकड घेत नाही. प्रयोगशाळेत ज्या उंदरांचं हे जनुक निकामी केलं, ते कॅप्सेसिन मिसळलेलं पाणी खुशाल पितात. साधा उंदीर एका घोटात तोंड फिरवतो. खायचं की टाळायचं, एवढा फरक एका जनुकाने पडतो.

माणसाची गोष्ट मात्र इथे संपत नाही. झडप शाबूत, आग होतेय, तरी तो आणखी एक वाटी मागतो! फिनलंडमधल्या जुळ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात तिखटाच्या आवडीतल्या फरकांमागे आनुवंशिकतेचा वाटा १८ ते ५८ टक्के आढळला. उरलेलं घरात आणि टपरीवर घडतं.

(दृश्य: सकाळची टपरी. पोह्यांवर पडणारी तर्री.)

नागपूरचं पोर आधी पोह्यांवर चमचाभर तर्री घेतं, पुढे पळीभर. कॅल्शियम वारंवार आत शिरलं की मज्जातंतूंची टोकं बधिरतात, तेवढ्याच तर्रीने आग कमी होते. ही सवय मोडतेही. शिकायला बाहेरगावी गेलेला मुलगा वर्षभराने परततो आणि पहिल्याच घासाला दही शोधतो. जनुक तेच आहे, टोकांची संवेदना परत आली आहे. आता पुन्हा चमचाभर तर्रीपासून सुरुवात.