पत्राचा शेवटचा परिच्छेद

(काळा पडदा. पाकीट फाडल्याचा आवाज. मग एक पत्र, अगदी जवळून.)

कर्जासोबत विकलेल्या विम्याबद्दल बँकेकडे तक्रार केली की असं पत्र यायचं; ब्रिटनमधल्या लाखो घरांत ते आलं. शब्द थोडेफार बदलायचे, सूर तोच. आधी दिलगिरी. मग, विमा ऐच्छिक आहे हे कागदपत्रांत नमूद होतं, करारावर तुमची सही आहे. आणि शेवटी निकाल: तक्रार अमान्य.

कितीतरी जणांनी इथवर वाचलं आणि पत्र घडी घालून ठेवून दिलं. बँकेने नाही म्हटल्यावर पुढे बोलायचं ते काय, असं वाटणं साहजिकच आहे.

हा विमा म्हणजे पीपीआय, कर्जाच्या हप्त्यांचा विमा. आजारपण आलं, नोकरी गेली, तर हप्ते विमा कंपनी भरणार. कल्पना वाईट नव्हती. पण तो विकला गेला निवृत्त माणसाला, ज्याची नोकरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. स्वतःचा धंदा करणाऱ्याला, ज्याचा दावा अटींत बसणं मुश्कील. जुनं दुखणं असलेल्याला, ज्याला ते दुखणं पॉलिसीतून वगळलंय हे सांगितलंच नाही. काही अर्जांवर तर विम्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असायची. अनेक कर्जांत सगळा प्रीमियम पहिल्याच दिवशी मुद्दलात घालून त्यावरही व्याज लावलं जायचं. अशा जवळपास ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या.

(कर्जाचा करार. बोट एका रकान्यावर येऊन थांबतं.)

२००५ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने सरकारी यंत्रणेकडे रीतसर तक्रार नोंदवली. २०१० मध्ये बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने तक्रारी हाताळण्याचे कडक नियम आणले, तेव्हा बँकांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली. एप्रिल २०११ मध्ये ती हरली.

तरी नकाराची पत्रं येतच राहिली. का, ते २०१५ मध्ये उघड झालं. लॉइड्स बँकिंग ग्रुपला ११ कोटी ७० लाख पौंडांहून अधिक दंड झाला, तोही विमा विकल्याबद्दल नव्हे, तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल. तक्रारी तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की आपली विक्रीची पद्धत नियमाला धरूनच होती, असं गृहीत धरा. २३ लाखांहून अधिक पॉलिसींच्या तक्रारी त्या काळात तपासल्या गेल्या आणि त्यातल्या ३७ टक्के फेटाळल्या गेल्या. ग्राहक खोटं बोलतोय असं मानूनच फाइल उघडायची, तर त्याला न्याय मिळणार कुठून?

आता पुन्हा त्या पत्राकडे येऊ. शेवटचा परिच्छेद वाचा. या उत्तराने समाधान झालं नसेल तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि बँकेतले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येईल, असं तिथे लिहिलेलं आहे. बँकेने ते सौजन्य म्हणून लिहिलेलं नाही, लिहिणं तिला बंधनकारकच होतं. आणि आठ आठवडे उलटूनही अंतिम उत्तर आलं नाही, तर उत्तराची वाट न बघता जाता यायचं.

ओम्बड्समनकडे तक्रारदाराला एक पेनीही भरावी लागत नाही, वकीलही लागत नाही. तरी लोकांच्या वतीने तक्रार करून देणाऱ्या मधल्या एजंटांनी मिळालेल्या भरपाईतला मोठा वाटा कापून घेतला, याचं मला फार वाईट वाटतं.

ओम्बड्समन सही बघतो, पण सहीवर थांबत नाही. कोणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त, हे तो तोलतो. म्हणून नुसत्या संतापापेक्षा कागद उपयोगी पडले. त्या वर्षी नोकरी कुठे होती, आजारपणात मालक किती महिने पगार देत होता, दुखणं कधीपासूनचं होतं. जुना करार हरवला असेल तर माहिती संरक्षण कायद्याखाली बँकेकडूनच आपली फाइल मागवता यायची. २०१८ पर्यंत त्याला फार तर १० पौंड पडायचे. निकाल ग्राहकाने स्वीकारला की तो बँकेवर बंधनकारक. भरलेला प्रीमियम, त्यावर गेलेलं व्याज आणि वर सहसा वर्षाला ८ टक्के सरळव्याज मिळायचं.

(सुप्रीम कोर्टाची इमारत, लंडन. २०१४.)

नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅरॅगॉन या कर्ज कंपनीविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. कर्जदार बाईंनी भरलेल्या प्रीमियमपैकी ७१.८ टक्के रक्कम कमिशनमध्ये गेली होती आणि त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. इतकं मोठं कमिशन लपवणं हाच अन्याय, असं कोर्टाने म्हटलं.

या निकालामुळे, बँकांनी आधी फेटाळलेल्या फाइलींनाही पुन्हा वाट मिळाली. नियामकाने तक्रारींसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही अखेरची तारीख ठरवली आणि ज्यांना आधी नकार दिला होता, अशा सुमारे १२ लाख लोकांना बँकांनी स्वतःहून कळवावं असा आदेश दिला.

(पाकीट फाडल्याचा आवाज.)

या वेळी पत्रात लिहिलं होतं: तुम्ही पुन्हा तक्रार करू शकता.