छप्पर गेलं आणि मग सगळंच गेलं : जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मठ

हा जो समोर सुळका दिसतोय ना, जांभ्याचा, तांबडालाल, हा अख्खा मनोरा नाही बरं का. अर्धा आहे. वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला. ४६ मीटर उंची, म्हणजे दीडशे फूट धरा, आणि असले मनोरे इथं एक नाही, चार होते. खाली ठिपक्याएवढी माणसं चालतायत ती आपलीच बेळगावची गँग, त्यावरून अंदाज घ्या प्रकरण केवढं होतं.

जुनं गोवं. मोंत सांत नावाची टेकडी, होली हिल म्हणतात तीच. बेळगावातनं पहाटे निघालो, पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला उतरून साखळी आणि तिथनं इकडं. घाटातलं धुकं तुम्ही हजार रील्समध्ये बघितलंय, त्यामुळे ते सोडून देतोय. आपली माणसं गोव्याला वर्षातनं चारदा येतात, बॉम जेझूसच्या चर्चमध्ये जाऊन सेंट झेवियरसाहेबाला हात जोडतात, समोरचं से कॅथेड्रल बघतात, फोटो, आणि गाडी थेट बीचवर. त्याच बॉम जेझूसपासून चढावर चालत दहा-पंधरा मिनिटं की हे येतं. गर्दी बघा किती आहे, काहीच नाही.

कॅमेरा आता आत घेतोय. ही मधली मोकळी जागा, जिथं गवत वाढलंय आणि वर निव्वळ आभाळ आहे, हा चर्चचा मुख्य हॉल. दोन्ही बाजूला खोल्या खोल्या दिसतात ती छोटी चॅपेलं, एकूण आठ, आणि चार वेद्या. चर्चला लागून मठ, साधूंच्या कोठड्या, सभागृह, सगळं. भिंतीच्या खालच्या भागात मधेच काय चमकतंय ते बघा, जवळ जाऊया. रंगीत चकाकीच्या फरशा आहेत, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या. अशा फरशांनी भिंती मढवल्या होत्या, त्यातल्या हाताच्या पंज्याएवढ्या तुकड्यांवर आज आपण कल्पना करायची.

आणि जमिनीवर चालताना जरा खाली बघून, कारण हे दगड म्हणजे नुसती फरशी नाही, थडगी आहेत. घराण्यांची चिन्हं कोरलेली, पोर्तुगीजमध्ये नावं, काहींवर कवटी आणि हाडांची फुली. पोरं ते बघून आधी हसली, मग गप्प झाली.

थोडक्यात गोष्ट अशी. १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं गोवं आदिलशाहीकडनं घेतलं, तीच आदिलशाही जिचा आसदखान आपल्या बेळगावच्या किल्ल्यात बसायचा, किल्ल्यातली साफा मशीद त्याचीच. मग एकेक पंथाचे साधू यायला लागले, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, आणि त्यांच्यामागनं १५७२ मध्ये ऑगस्टिनियन पंथाचे बारा जण. १५९७ मध्ये हे चर्च बांधायला घेतलं आणि १६०२ मध्ये पुरं झालं. नाव ठेवलं कृपेच्या मातेचं, नॉस्सा सेन्योरा दा ग्रासा, पण आता गुगल मॅपवर सेंट ऑगस्टिन टॉवर टाकलं तरच सापडतं. इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, धर्मांतर, हा इतिहास पण ह्याच गावचा आहे, तो एका वाक्यात उरकायचा विषय नाही, त्याला वेगळा व्हिडिओ लागेल.

आता मुद्द्याचं. हे पडलं कसं?

इथं उभं राहिल्यावर प्रत्येकजण हाच अंदाज करतो की मराठ्यांनी तोफा डागल्या असतील नाहीतर भूकंप झाला असेल. आमच्या गाडीत पण पैज लागली होती. तोफ नाही आणि भूकंप पण नाही. झालं ते कागदावर. १८३४ मध्ये पोर्तुगालमध्ये सरकारनं सगळे मठ बंद करायचा हुकूम काढला, त्याची अंमलबजावणी १८३५ मध्ये गोव्यात झाली, आणि साधूंना बाहेर काढलं. तसं गाव आधीच रिकामं होत आलं होतं, पटकी आणि तापाच्या साथींनी माणसं पळाली होती, व्हॉइसरॉय १७५९ मध्येच पणजीकडे राहायला गेला होता. म्हणजे टेकडीवर एवढी मोठी इमारत, आणि तिच्या छपरावर पावसाळ्याआधी चढून बघणारा माणूस एक पण नाही.

सात वर्षं. फक्त सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचं छप्पर खाली आलं.

आमच्यासोबत खानापूरकडचे एक मामा होते, जन्मभर चिऱ्याचं काम केलेले गवंडी, फ्रेममध्ये पांढरी टोपी दिसते ती त्यांचीच. ते भिंतीला हात लावून म्हणाले, "दगूड न्हाय गेला रे पोरा, चुना गेलाय. चुना गेला की पाणी आत शिरतंय, मग काय ऱ्हातंय?" आणि मग त्यांनी जे समजावलं ते कुठल्या बोर्डवर लिहिलेलं नाही, म्हणून सविस्तर सांगतोय.

जांभा आपल्याला काय नवा नाही, खानापूर, जांबोटी, चंदगड, सगळीकडे चिऱ्याचीच घरं. खाणीतनं काढताना हा दगड मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. पण अंगभर भोकं, पाणी पितो. म्हणून जुनी माणसं त्याला चुन्याचा गिलावा करायची, गोव्यात तर शिंपल्या भाजून चुना करत, आणि दर काही वर्षांनी परत हात मारायचा. आज आपण जी लाल भिंत बघून काय भारी दिसते म्हणतो ना, ती बांधणाऱ्यांनी कधी लाल ठेवायची म्हणून बांधलीच नव्हती, पांढरी होती ती. लाल दिसते म्हणजे तिचं कातडं निघालंय.

बरं, वरचं छप्पर कौलारू नव्हतं, कमानीचं होतं, दगडाचाच बोगदा. आता वरच्या शॉटमध्ये बघा, भिंतीच्या माथ्यावर अजून त्या कमानीचा उगम दिसतो, भिंत आतल्या बाजूला किंचित वळते तिथं. कमान आहे तोवर दोन्हीकडच्या भिंती आणि कमान एकमेकांना रेटून उभ्या असतात. एक फट पडली, तिच्यात पाणी गेलं, एखाद्या पक्ष्यानं पिंपळाचं बी टाकलं, मुळी आत गेली, की कमानीतला एक चिरा हलतो. मामा म्हणाले कमानीतला एक हलला की बाकीचे त्याच्यामागनं जायला मोकळे. आणि जांभ्याची कमान वजनाला काय कमी नाही, ती खाली आली ती सगळं गाडून आली.

आता छप्पर गेल्यावर उंच भिंती उघड्या. माथ्यावर कौल नाही की गिलावा नाही, कोकणातला जूनचा पाऊस सरळ डोक्यावर, भिंतीच्या पोटात मुरणार. पुढचा दर्शनी भाग आणि त्याच्या बाजूचे मनोरे यांना मागनं जो आधार होता तोच गेला. तरी ते किती टिकलं बघा, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि त्यासोबत ह्या मनोऱ्याचा निम्मा भाग कोसळला, आणि १९३८ मध्ये अजून काही. म्हणजे सेनापती बापट, गांधीजी सगळे हयात असताना, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हे पडलंय. चारशे वर्षांचं अवशेष म्हणून आपण फोटो काढतो, पण पडझड म्हणाल तर परवाची.

घंटेचं तेवढं नशीब चांगलं. ती आधीच खाली काढली होती, १८४१ पासून १८७१ पर्यंत आग्वाद किल्ल्यावर होती, मग पणजीला नेली. पणजीत ते पांढरं चर्च आहे ना, नागमोडी पायऱ्यांचं, ज्याच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, त्याच्या माथ्यावर जी घंटा दिसते ती ह्या अर्ध्या मनोऱ्यातली. परत येताना मुद्दाम थांबून शूट केलं. झूम जरा हललाय.

आता परत टेकडीवर, आणि ह्या कोपऱ्यात. ही जागा दिसायला काहीच नाही, चार भिंतींचे पाय आणि एक खिडकीची चौकट. पण हिच्यासाठी जॉर्जिया देशातनं लोक आले होते.

केतेवान नावाची राणी. जॉर्जियात काखेती म्हणून राज्य होतं, तिथला राजा तैमुराझ, त्याची ही आई. इराणचा शाह अब्बास त्यांच्यावर चालून येत होता, त्याच्याशी बोलणी करायला ही बाई गेली आणि ओलीस राहिली, सुमारे दहा वर्षं. शेवटी धर्म बदल म्हणून सांगितलं, तिनं नाही म्हटलं, आणि १६२४ मध्ये शिराझ शहरात तापलेल्या लोखंडानं हाल करून तिला मारलं. तेव्हा शिराझमध्ये ऑगस्टिनियन साधूंचं ठाणं होतं. त्यांनी गुपचूप तिच्या अस्थी मिळवल्या, काही भाग तिच्या मुलाला जॉर्जियाला पोचवला आणि काही भाग १६२७ मध्ये इथं, ह्या मठात, आणून ठेवला. लिस्बनमधल्या त्यांच्या मठात तिच्या मरणाचं चित्र फरशांवर काढलेलं आहे अजून. जॉर्जियाच्या चर्चनं तिला संत मानलं.

आणि साधूंनी नोंद पण करून ठेवली होती, की अस्थींची पेटी मठाच्या सभागृहात अमुक बाजूच्या दुसऱ्या खिडकीत ठेवली आहे. इतका स्पष्ट पत्ता. छप्पर जागेवर असतं तर कुणीही येऊन दुसरी खिडकी मोजली असती आणि झालं असतं. पण सभागृह कुठलं, खिडकी कुठली, सगळ्यावर ढिगारा, ढिगाऱ्यावर झाडं. भारतीय पुरातत्त्व खात्यानं १९८९ पासून इथं खोदायला सुरुवात केली. तुम्ही आज हे जे स्वच्छ चॅपेल, फरशा, थडगी बघताय ते सगळं त्या लोकांनी टोपलीटोपलीनं माती उपसून बाहेर काढलंय, त्याआधी इथं नुसता मनोरा आणि रान होतं. ह्या खात्याला आपण शिव्याच घालतो नेहमी, पण इथलं काम बघा आणि बोला. आधी नकाशा जुळवला, मग सभागृह ओळखलं, मग खिडकी. २००४ मध्ये हाताच्या हाडाचा एक लांब तुकडा मिळाला.

पण हाड राणीचंच कशावरून? इथं शेकड्यानं माणसं पुरलेली. मग ते हैदराबादला सीसीएमबी ह्या पेशी आणि डीएनएवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या लॅबमध्ये गेलं. आईकडनं पोराबाळांत उतरतो तो डीएनए त्यांनी काढला, त्याचा गट निघाला यू वन बी. भारतातले बावीस हजारांवर नमुने धुंडाळले, त्यात हा गट एकात पण नाही. जॉर्जियातल्या तीस लोकांचे नमुने घेतले, दोघांत सापडला. २०१३ च्या शेवटाला जाहीर झालं की हाड बहुतेक तिचंच. २०१७ मध्ये ते काही काळासाठी जॉर्जियाला दर्शनाला पाठवलं आणि २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत जाऊन त्यातला एक भाग त्यांना कायमचा दिला. तिथं केवढी रांग लागली होती म्हणे.

हा शॉट उगाच लांबवलाय, माफ करा, पण संध्याकाळचं ऊन ह्या फटीतनं येतं ते कापायला जीव होईना.

खाली उतरताना बाजूलाच सांता मोनिकाचा मठ लागतो, तो अजून धड उभा आहे, आतमध्ये ख्रिस्ती कलेचं म्युझियम. जरा पुढं टेकडीच्या टोकाला रोझरीचं चर्च, तिथनं मांडवी दिसते. आणि बॉम जेझूस तर माहितीच आहे, पण आता त्याच्याकडे मामांच्या नजरेनं बघा. ते पण लाल, उघड्या जांभ्याचं. १९५० च्या दशकात पोर्तुगीजांनी, जुनं वाटावं म्हणून, त्याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला. तेव्हापासनं दर पावसात तो दगड झिजतोय, आणि गिलावा परत करायचा का नाही ह्यावर गोव्यात वाद चाललाय, कारण लोकांना आता ते लालच आवडायला लागलंय. मामांना विचारलं तर म्हणाले, "आवडायचं काय त्यात, उघडं पडलंय ते."

जाणार असाल तर दोन गोष्टी. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळं धरतं, चप्पल घालून जाऊ नका, आमच्यातला एकजण चांगला आपटलाय. आणि थडग्यांवर बसून डबे खाऊ नका की हो, ज्यांनी खाल्ले ते आपल्याकडचेच होते, गाडीची पाटी बघितली मी.

पुढचा व्हिडिओ लांबचा नाही, हलशी. गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी, आपल्या खानापूर तालुक्यात, भूवराह नरसिंहाचं देऊळ. मामा येतायत. मूर्ती नंतर दाखवू, आधी त्यांना छपरावर काय दिसतंय ते बघायचंय.