कुलूपही त्याचं, किल्लीही त्याची

(वॉशिंग्टन, न्यायालयाबाहेर)
३ जानेवारी २००६. काळी हॅट, काळा कोट. जॅक अब्रामॉफ, पैसे घेऊन खासदारांकडे अशिलांची बाजू लावून धरणारा लॉबिस्ट, आत्ताच गुन्हे कबूल करून बाहेर आलाय: कट, फसवणूक, करचुकवेगिरी. या हॅटचीच चर्चा जास्त झाली. आपण मात्र हॅट सोडून टेक्सासला जाऊ.

(एल पासो, कॅसिनोचं बंद दार)
ही टिग्वा या अमेरिकेच्या मूलनिवासी जमातीची वस्ती, आणि हा त्यांचा 'स्पीकिंग रॉक' कॅसिनो. हाताला काम आणि गाठीला पैसा इथूनच. फेब्रुवारी २००२मध्ये टेक्सास सरकारनं तो न्यायालयामार्फत बंद पाडला. काही दिवसांतच अब्रामॉफ दारात हजर. तुमच्यावर अन्याय झालाय, म्हणाला. मी फुकट झटतो, पण प्रचाराचं काम करणाऱ्या मायकल स्कॅनलनला नेमा. स्कॅनलनची किंमत ४२ लाख डॉलर. टिग्वांनी मोजले.

त्यांना ठाऊक नव्हतं की कॅसिनोविरुद्ध रान उठवण्यात अब्रामॉफच होता. लुइझियानाची कुशाटा जमात त्याचीच अशील, आणि तिला शेजारी स्पर्धा नको होती. त्यांच्या कॅसिनोच्या पैशावर ख्रिस्ती मतदारांचे पुढारी राल्फ रीड यांनी टेक्सासच्या चर्चवाल्यांना जुगाराविरुद्ध उभं केलं. चोराला म्हणायचं चोरी कर, सावाला म्हणायचं जागा राहा.

(जुनी छायाचित्रं)
कॉलेजातल्या रिपब्लिकनांचा पुढारी, मग सिनेमाचा निर्माता, आणि १९९४मध्ये पक्षाला बहुमत मिळताच लॉबिस्ट. भांडवल एकच, प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन नेते टॉम डीले यांच्याशी घसट. खासदारांसाठी 'सिग्नेचर्स' हे स्वतःचं रेस्टॉरंट, स्टेडियममध्ये खासगी कक्ष, स्कॉटलंडला गोल्फ.

(ईमेल पडद्यावर)
सिनेटच्या चौकशीत हे ईमेल उघडे पडले. ज्यांचे पैसे घेतले, त्यांनाच इथे 'माकडं' म्हटलंय. 'गिम्मी फाइव्ह' हा या दोघांचा परवलीचा शब्द. स्कॅनलननं जमातींना अवाच्या सवा बिल लावायचं, नफ्यातला अर्धा गुपचूप अब्रामॉफला. पैसा फिरवायला संस्था लागते, म्हणून डेलावेअरमधल्या रेहोबथ बीच या किनाऱ्यावरच्या गावी एका घरात 'अमेरिकन इंटरनॅशनल सेंटर' थाटलं. नाव केवढं! संचालकांत एक माजी जीवरक्षक, समुद्रावरचा.

टिग्वांचे पैसे संपले, तेव्हा याच्या डोक्यात आणखी एक योजना आली. पंचाहत्तरी गाठलेल्या प्रत्येक वृद्धाचा आयुर्विमा काढायचा. माणूस गेला की रक्कम अब्रामॉफच्या शाळेला, तिथून त्याची फी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, फक्त रीतसर प्रस्तावासकट. जमातीनं नकार दिला.

(सिनेटची सुनावणी)
२९ सप्टेंबर २००४. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये सुझन श्मिट यांची बातमी येऊन सात महिने झालेत. मूलनिवासींच्या प्रश्नांवरच्या सिनेट समितीचे अध्यक्ष बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल स्वतः नॉर्दर्न शायान जमातीचे. समोर अब्रामॉफ. प्रश्नांना उत्तर नाही, फक्त घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. ते चेहरे पाहा.

(तुरुंगाचं फाटक)
साडेतीन वर्षं तुरुंगात. त्याच्याकडून भेटी घेणारे खासदार बॉब ने यांनाही कैद. २००७मध्ये लॉबिंगचा कायदा कडक झाला, आणि २०२०मध्ये त्याच कायद्याखाली अब्रामॉफनं पुन्हा गुन्हा कबूल केला.

(एल पासो, रात्र)
टिग्वांचं भांडण टेक्सासशी चालूच राहिलं. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूनं कौल दिला. हे दिवे स्पीकिंग रॉकचे.