घर बठीसन कमाई: पैसा येतो कुणाच्या खिशातून?

(दृश्य: जळगावातली एक अभ्यासिका. टेबलावर भरतीची पुस्तकं, हातात मोबाइल.)

रील अहिराणीत सुरू होते. केळीच्या बागेत उभा एक तरुण, मागे कुणाची तरी पांढरी गाडी. "घर बठीसन कमाई." रोज दोन तास, शिक्षणाची अट नाही, कमेंटमध्ये 'इन्फो' टाका. रावेर-यावलला दिसते तीच रील शिरपूर-शहाद्याला, फक्त चेहरा बदलतो. कामाचं नाव मात्र भारदस्त असतं: ॲफिलिएट मार्केटिंग.

हे नाव खोटं नाही, आणि अडचण तीच आहे.

ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे इंटरनेटवरची दलाली. दुकान तुम्हाला एक लिंक देतं, तिच्या शेपटाला तुमची खूण असते. त्या लिंकवरून कुणी मिक्सर घेतला की दुकान तुम्हाला टक्केवारी देतं. मिक्सर ३,००० रुपयांचा आणि कमिशन समजा ४ टक्के, तर हातात १२० रुपये. तेही माल परत करायची मुदत उलटल्यावर. महिन्याला २०,००० पाडायचे तर १६७ मिक्सर खपले पाहिजेत. ॲमेझॉनच्या अशा कार्यक्रमात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, पण १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. खरं काम इतकं रुक्ष आहे. त्याची रील कोण बघणार?

रीलमधल्या धंद्यात पहिले पैसे तुम्हीच भरता. त्याला 'पॅकेज' म्हणतात. समजा ५,००० रुपयांचा कोर्स आहे. उघडून बघावं तर आत काय? स्टेटस कसा लावायचा, ओळखीच्या १०० जणांची यादी कशी काढायची, 'नाही' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं. थोडक्यात, हाच कोर्स पुढच्याला कसा विकायचा. विकला की निम्म्याहून जास्त रक्कम कमिशन म्हणून परत. दुकान मिक्सरवर ४ टक्के देतं आणि इथे निम्मी किंमत वाटली जाते, म्हणजे मालाची स्वतःची किंमत किती असेल?

परीक्षा एकच करायची. कमिशन बाजूला काढलं, तर हा कोर्स ५,००० रुपयांना कुणी घेईल का? भरताची वांगी माणूस भरीत करायला घेतो. ज्या मालाचा प्रत्येक गिऱ्हाईक त्याच मालाचा विक्रेता असतो, तिथे माल नावालाच असतो. तुमचं कमिशन म्हणजे तुमच्या मावसभावाने भरलेले पैसे.

(दृश्य: फळ्यावर आकडे. १, ५, २५, १२५...)

प्रत्येकाने फक्त पाच जण आणायचे, असं सांगतात. पाच म्हणजे काहीच नाही वाटतं. पण तुमच्यापासून दहाव्या पायरीला एकट्या त्या पायरीवर ९७ लाख ६५ हजार नवे लोक लागतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ७९ लाखांच्या आसपास होती, पाळण्यातली पोरं धरून. साखळी कुठेही तुटली, तरी शेवटच्या पायरीवर एकूण लोकांपैकी साधारण ८० टक्के उभे असतात. त्यांच्याखाली कुणी नसतं, त्यामुळे त्यांचा भरणा परत येत नाही. मेहनतीचा इथे संबंध नाही, हा सरळ गुणाकार आहे. 'तू कमी पडलास' हे मात्र त्यांनाच ऐकवलं जातं.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, जवळून.)

आता त्या कमाईच्या स्क्रीनशॉटकडे या. कॉम्प्युटरवर कोणतंही पान उघडा. आकड्यावर राइट क्लिक, मग 'इन्स्पेक्ट'. उजवीकडे कोड दिसतो. त्यातल्या ४२० वर डबल क्लिक करून ४२,००० लिहा, एंटर दाबा. पानावर ४२,००० झाले. अर्धा मिनिटही लागत नाही. पान रिफ्रेश केलं की पुन्हा ४२०. म्हणून समोर बसून रिफ्रेश करायला सांगा. आणि आकडा खरा निघाला, तरी तो पैसा माल विकून आला की माणसं जोडून, हे त्यात कुठे लिहिलेलं असतं?

कोर्स विकायला घेतलेला 'लाइव्ह' वेबिनार, म्हणजे ऑनलाइन सभा, बऱ्याचदा आधी रेकॉर्ड केलेला असतो. खाली सरकणारी "मी आत्ताच जॉइन केलं" ही वाक्यंही आधीच भरून ठेवलेली. निवेदकाला तुमच्या गावाचं नाव घ्यायला सांगा. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येत असेल, तर तक्रार करणारे गप्प का आहेत हे कळतं.

कंपनी 'आठ वर्षं जुनी' असेल तर तिचा सीआयएन मागा. हा कंपनीच्या नोंदणीचा २१ अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. सुरुवातीला एक अक्षर, पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं आणि लगेच चार आकडे. ते चार आकडे म्हणजे नोंदणीचं वर्ष. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. नोंदणी सापडली म्हणजे सरकारने धंद्याची हमी दिली असं नव्हे. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, तर पिन टाकायच्या आधीच थांबा.

पैसे नाहीत म्हटलं की हप्त्याची सोय पुढे येते. ते कर्ज असतं. कोर्स बंद पडला तरी हप्ता खात्यातून कापला जातो, चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, बिघडतो.

टेलिग्रामवरचा 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' हा प्रकार आणखी उघडा आहे. सुरुवातीला शे-दीडशे रुपये देतात, मग 'प्रीपेड टास्क' म्हणून हजारो भरायला लावतात, आणि काढताना कर मागतात. तिथे कोर्सही नसतो.

पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, मग बँक, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचे मेसेज पुसू शकतो, म्हणून भांडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. कोर्सचा रिफंड अडकला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फी घेऊन पैसे परत आणून देतो म्हणणारा भेटेलच. तोही त्याच जातीचा.

'आमचं डायरेक्ट सेलिंग आहे, कायदेशीर आहे' असं उत्तर मिळतं. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत विक्रेत्याकडून प्रवेश फी घ्यायला मनाई आहे आणि पिरॅमिड योजनांवरही, म्हणजे फळ्यावरच्या त्या साखळीवरही, बंदी आहे. १९७८ चा पैशांच्या साखळी योजनांविरुद्धचा कायदा तर योजना चालवणं, तिचा प्रचार करणं आणि तिचा सभासद होणंही गुन्हा मानतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे आपले पैसे बुडाले म्हणून गप्प बसलेल्याने स्टेटसवरची लिंक आजच काढावी, आणि ज्या चार-पाच जणांना आपण जोडलं त्यांना फोन करावा. पहिला फोन मावसभावाला.