मे महिन्यात ॲल्युमिनियम रंगवताना

(लातूरमध्ये हौशी कारागिरांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायच्या आधी हे टॉर्चचं ॲल्युमिनियमचं टोपण हातोहात फिरू द्या. लाल आहे ना? आता ओल्या अंगठ्याने जरा घासा. झाला ना अंगठा लाल! हे मी ऐन मे महिन्यात, भर दुपारी केलं होतं. ॲसिड बरोबर होतं, करंट बरोबर होता. फक्त टबातलं द्रावण 35 डिग्रीवर गेलं होतं आणि माझं तिकडे लक्ष नव्हतं.

ॲनोडायझिंग म्हणजे वरून लावलेला लेप नव्हे. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये आपला भाग विजेच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडला, की त्याच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड होतं. त्यात अतिसूक्ष्म उभी छिद्रं असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी, आणि रंग त्या छिद्रांत बसतो. गंमत अशी की जे ॲसिड हा थर वाढू देतं, तेच त्याला विरघळवतही असतं. 20 डिग्रीच्या आसपास वाढ पुढे राहते. गरमीत विरघळणं जोर धरतं, छिद्रांच्या भिंती झिजतात आणि थर भुसभुशीत होतो. तुमच्या अंगठ्याला लागली ती हीच भुकटी.

आता हिशोब बघा. 10 बाय 5 सेंटिमीटरची पट्टी घेतली तर दोन्ही बाजू मिळून 100 चौरस सेंटिमीटर भरतात. त्याला दीड अँपिअर पुरतो. 15 व्होल्टवर 45 मिनिटं चालवलं, तर साधारण 18-20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर येतो. यात जी वीज उष्णता होऊन द्रावणात उतरते, तिने 5 लिटरचा टब जेमतेम 3 डिग्रीने तापतो. पण हौसेपोटी एकदम पाच पट्ट्या टांगल्या, की तोच टब 14-15 डिग्रीने चढतो. वरून आपल्याकडचं 42 डिग्रीचं ऊन! म्हणून मी आता पहाटे पाचला काम सुरू करतो. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवायच्या, झाकणं घट्ट लावायची आणि त्या टबात सोडायच्या. बर्फ थेट टाकला की ॲसिड पातळ होत जातं.

बॅटरीचं ॲसिड आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं की काम भागतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. गॉगल, हातमोजे हवेतच. निगेटिव्हवरून हायड्रोजन निघतो, तेव्हा अंगणात करा आणि जवळ बिडी ओढणाऱ्याला लांब पाठवा. कॅथोडला, म्हणजे निगेटिव्ह टोकाला, शिशाऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, शिशाची घाण नंतर निस्तरत नाही. भाग टांगायलाही ॲल्युमिनियमचीच तार लागते. मी सुरुवातीला तांब्याची वापरली. तार विरघळत गेली, टब निळसर झाला आणि टोपण तळाशी. आई दारातून म्हणाली, ‘काय करायलास रे हे, मोरचूद?’ तिचं बरोबर होतं, मोरचूदच तयार झाला होता.

आपली खरी अडचण पाण्याची आहे. लातूरकरांना पाण्याबद्दल मी काय सांगावं? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आपण पाहिलंय. या कामाला पाणी फार लागत नाही, पण जे लागतं ते चांगलं लागतं. बोअरच्या पाण्यातल्या क्लोराइडने टबात भागावर खड्डे पडतात, आणि शेवटी उकळताना त्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसतो. धुवायला पावसाचं गच्चीवरचं साठवलेलं पाणी छान. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मी भांडं लावून गोळा करतो, शेजारी हसतात.

भंगारातून माल घेताना 6061 किंवा 6063 या नंबरचं मिश्र ॲल्युमिनियम मिळालं तर सोनं. इंजिनाचे ओतीव भाग घेऊ नका. त्यांत सिलिकॉन खूप असतं, थर काळपट येतो आणि लाल रंग विटकरी दिसतो. भाग आधी साबणाने, मग कॉस्टिक सोड्याने साफ करायचा. त्यानंतर बोट लावलं की ठसा उमटलाच म्हणून समजा.

रंग कोणता? पैठणीचं रेशीम ज्याने रंगतं ते ॲसिड डाय यातही बरेच चालतात. पाणी 55-60 डिग्री ठेवा, दहा-पंधरा मिनिटं बुडवा. त्याहून गरम केलंत तर छिद्रं रंग शिरण्याआधीच मिटायला लागतात. मिटवायचंच आहे, पण रंग बसल्यावर. त्यासाठी उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात, मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटं या मापाने, पाऊण तास तरी ठेवा. ऑक्साइड पाणी शोषून फुगतं आणि छिद्रांची तोंडं बंद होतात. यासाठी वापरलेलं पातेलं स्वयंपाकघरात परत नेऊ नका. वापरलेलं ॲसिड गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. खायचा सोडा थोडाथोडा टाकून आधी फसफस पूर्ण थांबू द्या.

आता हे दुसरं टोपण घ्या. महिना तोच, वेळ पहाटेची. पेनाची शाई त्यावर टेकवा आणि ओल्या फडक्याने पुसा. डाग राहतोय का? नाही ना. उकळायच्या आधी हीच शाई आत शिरून बसली असती. फिरवा सगळीकडे, पण परत द्या बरं का, घरच्या टॉर्चला सध्या टोपण नाही.