पावसातली दुपार आणि चित्रातला पाऊस

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी त्या दुपारी शिरलो तो चित्रांच्या ओढीने नव्हे, तर काळाघोड्याला छत्री उलटी झाली म्हणून, हे आधीच कबूल केलेले बरे. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेल्या या इमारतीची कोनशिला १९०५ साली बसली आणि मधल्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरात राहून ती १९२२ साली संग्रहालय म्हणून खुली झाली, हा इतिहास आपणांस ठाऊक असेलच. मला बोलायचे आहे ते तिथल्या लघुचित्रांविषयी, कारण भिजलेल्या माणसाने पाहावीत अशीच ती आहेत.

राजस्थानी आणि पहाडी चित्रकारांनी पावसाळा हौसेने रंगवला. बारमासाच्या, म्हणजे वर्षाचे बारा महिने रंगवणाऱ्या, चित्रमालिकांत आषाढ-श्रावण येतात, रागमालेत, म्हणजे संगीतातले राग चितारणाऱ्या मालिकेत, मेघ राग येतो, आणि दोन्हीकडे विरहिणी असतेच. मात्र हा पाऊस आपल्या मुंबईच्या पावसासारखा मळकट नसतो. निळ्या-काळ्या ढगांची कडा वेटोळ्यांची असते, त्यांवरून पांढऱ्या बगळ्यांची माळ जाते, थेंब म्हणजे पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके किंवा केसाएवढ्या रेघा असतात, आणि वीज पुष्कळदा खऱ्या सोन्याची, म्हणजे डिंकात कालवलेल्या सोन्याच्या पुडीची असते. रंगांचे थर चढत असताना चित्र पालथे घालून पाठीमागून अकीकाच्या दगडाने घोटले जाई. रंगाला येणारी ती तुकतुकी छापील प्रतीत कधीच उतरत नाही.

गंमत अशी की ज्या पावसाचे हे कौतुक, तोच या चित्रांचा वैरी आहे. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि डिंकाने धरलेला रंगाचा थर त्या हालचालीला पुरा पडत नसल्याने त्याला तडे जातात. शिवाय बुरशीची भीती असतेच. उजेडाने रंग विटतात, म्हणून अशा दालनांत प्रकाश मंद ठेवावा लागतो. पुष्कळ प्रेक्षक या अंधुकपणावर वैतागून पुढच्या दालनाकडे वळतात. त्यांचा राग मला समजतो, पण डोळे स्थिरावायला काही मिनिटे द्यावीच लागतात, आणि बाहेर मुसळधार कोसळत असल्यावर ती आपोआप दिली जातात.

मुळात ही चित्रे भिंतीसाठी नव्हतीच. रसिक ती बैठकीत हातात घेऊन, किंचित तिरकी करून पाहत, आणि तसे केल्यावरच सोने चमके. काचेमागचे चित्र आपल्याला कलते करता येत नाही, तेव्हा आपणच कलावे लागते. एका चित्रापुढे मी बराच वेळ ताठ उभा राहिलो आणि ढगांतली वीज मला फिकट पिवळी रेघ वाटली. शेवटी गुडघे वाकवून मान तिरपी केली, तेव्हा ती लखकन उजळली. शेजारच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला ती केव्हाच दिसली होती, कारण तिची उंचीच तेवढी होती.